शब्दांची बेडी



असत्य पुष्कळदा अधिकाराची वस्त्रे लेवून येते. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘मिथ्योपदेश’ व ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा उपदेश करणे आणि खोटे दस्तऐवज करणे, यांची गणना होते. ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने चालणाऱ्या फसवणुकीत हे दोन्ही दोष एकत्र आले आहेत.

पुण्यातील अनेक ज्येष्ठ नागरिक या फसवणुकीला बळी पडले. लुधियाना येथील एका नामवंत उद्योगपतींना २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी दाखवून ७ कोटी रुपयांना फसविण्यात आले. येथे शस्त्र एकच, ते म्हणजे शब्द. ‘अटक’ म्हणताच भय दाटते. ‘गोपनीय चौकशी’ म्हणताच मनुष्य घरच्यांशीही बोलेनासा होतो. ‘पडताळणी’ म्हणताच आयुष्याची पुंजी स्वतःच्या हाताने पाठवितो. दाराला कुलूप नसते, तरी तो कैदी असतो. वस्तुतः भारतीय कायद्यात अशी अटकच नाही.

अशा वेळी फोन बंद करावा, मुलाबाळांना अथवा शेजाऱ्यांना सांगावे आणि १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. फसलेल्यास समाजाने मात्र हसू नये. त्याच्या लज्जेमुळेच फसविणाऱ्याचे फावते. असत्य न बोलणे हे व्रत आहे. असत्याने भ्यालेल्यास धीर देणे, ही त्या व्रताचीच सेवा होय.

जय जिनेंद्र!