डायल उघडून पाहताना

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या प्रात्यक्षिकासह भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'भाषण' असं छापलंय. प्रत्यक्षात माझ्या हाताला माईकपेक्षा पेचकस बरा वाटतो. टेलिफोन खात्यात नोकरी झाली ती बोलण्याची नव्हे, दुसऱ्यांचं बोलणं चालू ठेवण्याची. म्हणून टेबलावर हे दोन काळे फोन आणलेत. भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने घेतलेत. रिसीव्हर जड असल्यामुळे थोडे महाग पडले.

मघाशी चहाच्या वेळी दोन मुलं येऊन फोन बघत होती. एकाने सातच्या भोकात बोट घातलं आणि आतला आकडा दाबला. पुन्हा दाबला. काही होईना. मग मी तबकडी फिरवून दाखवली, तर दुसऱ्याने ती फिरवली आणि बोट न काढता तशीच जोर लावून मागे आणली. पूर्वी मोठी माणसंसुद्धा घाईत हेच करायची आणि राँग नंबर लागला की खात्याला शिव्या द्यायची.

कारण असं, की डायल फिरवताना नंबर लागतच नाही. आपण फक्त स्प्रिंगला पीळ देतो. बोट त्या वाकड्या पत्र्याला टेकलं, काढलं, की तबकडी आपली आपण मागे जाते, आणि नंबर जातो तो त्या परतीच्या वाटेवर. मागच्या बाजूला दोन बारीक पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या असतात. तबकडी परत येताना त्या तितक्या वेळा उघडतात आणि मिटतात. तीन फिरवला तर तीनदा, नऊ फिरवला तर नऊदा, आणि शून्याला दहादा. पट्ट्या उघडल्या की लाइनचा प्रवाह तुटतो. एक्स्चेंज हे तुटणं मोजतं, बाकी काही नाही.

आता मोजणाऱ्याला बरोबर मोजता यावं म्हणून वेग ठरलेला आहे: सेकंदाला दहा पल्स, एखादी कमीजास्त चालते. प्रत्येक पल्समध्ये साधारण दोन हिस्से प्रवाह बंद आणि एक हिस्सा चालू. म्हणजे शून्य फिरवून सोडलं तर तबकडीने सेकंदापेक्षा किंचित जास्त वेळात घरी यायला हवं. फिरवणारा पैलवान असो की पाचवीतली मुलगी, परतीचा वेग तोच. हा वेग सांभाळणारा जो भाग आहे ना, तो दाखवण्यासाठी खरं तर मी आलोय.

हे बघा. (डायल उलटी धरून) हा बारीक दांडा, त्यावर दोन चिमुकली वजनं, लवचीक पट्टीवर बसवलेली. तबकडी मागे येते तेव्हा दातेरी चाकांमुळे हा दांडा गरगर फिरतो. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि या पितळी वाटीच्या आतल्या अंगाला घासतात. घासली की वेग कमी. कमी झाला की वजनं आत, घासणं कमी. याला गव्हर्नर म्हणतात. जेम्स वॅटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनावर बसवला तो याच तत्त्वावरचा. तिथे लोखंडी गोळे होते, इथे हरभऱ्याच्या डाळीएवढं काम.

स्वयंचलित एक्स्चेंजची कल्पना अमेरिकेतल्या आल्मन स्ट्राउजर नावाच्या गृहस्थाची. धंदा अंत्यविधीचा! आपली गिऱ्हाइकं ऑपरेटर दुसरीकडे वळवतात असा त्याला संशय होता, म्हणून ऑपरेटरच नको असं यंत्र त्याने काढलं आणि 1891 मध्ये पेटंट मिळवलं. फिरती तबकडी मात्र नंतरची, 1896 ची, त्याच्या जोडीदारांची. भारतात पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्याला, 1913-14 साली. साहेब उन्हाळ्यात तिकडे असायचे, हे कारण उघड आहे. आपल्याकडच्या घराघरांतले फोन पुढे बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने बनवले. तो कारखाना 1948 चा.

ज्येष्ठ सभासदांना कुलूप आठवत असेल. एकाच्या भोकात छोटं कुलूप अडकवलं की तबकडी पुढे जाईना. त्या काळी लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर टाकून पुढे 'पी.पी.' लिहायची पद्धत होती; बिल शेजाऱ्याचं, म्हणून कुलूपही शेजाऱ्याचं. पण प्रवाह तोडणं एवढंच काम असेल तर ते रिसीव्हर ठेवायच्या खुंटीवर टकटक करूनही होतं. सहा हवा तर सहा टकटक, थोडं थांबून पुढचा आकडा. हॉस्टेलमधल्या मुलांना हे आमच्या खात्यातल्या माणसांपेक्षा जास्त चांगलं जमायचं.

आता उघडू या. आधी लाइन काढायची. लाइनवर 48 व्होल्ट असतात, पण घंटी वाजते तेव्हा चांगला झटका बसतो. मग डायलच्या वायरी सोडवण्याआधी कोणती कुठे, ते कागदावर लिहायचं. आता मोबाईलवर फोटो काढा, उत्तम. मधली गोल चकती आणि तिच्याखालचा स्क्रू काढला की भोकांची तबकडी उचलून येते. स्क्रू स्टीलच्या वाटीत. टेबलावर ठेवलेला स्क्रू हा हरवलेला स्क्रू असतो.

मुख्य स्प्रिंगला शक्यतो हात लावू नका. तिला आधीच पीळ देऊन ठेवलेला असतो. ती एकदा सुटली की घर्रकन उलगडते आणि नेमके किती वेढे होते ते कोणी मोजलेलं नसतं. दहापैकी नऊ डायली स्प्रिंग न सोडता नीट होतात. बिघाड असतो तो तेलाचा. वर्षानुवर्षांचं तेल वाळून गुळाच्या पाकासारखं झालेलं असतं, त्यात फोडणीचा धूर आणि धूळ. ते स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्रशने काढायचं. फक्त धातूवरून, आकड्यांच्या पट्टीवर स्पिरिट गेलं तर छपाई जाऊ शकते. मग घड्याळाचं तेल, सुईच्या टोकावर मावेल एवढं, दांड्याच्या दोन्ही टोकांना. पितळी वाटीच्या आत थेंबही नाही. तिथलं घासणं हाच तर ब्रेक आहे. वाटीत तेल गेलं की वजनं घसरतात आणि डायल सुसाट धावते. डब्यातला स्प्रे मारणारे नेमकं हेच करतात. आणि त्या बारीक पट्ट्यांना सँडपेपर लावू नका. पांढऱ्या कागदाची पट्टी मधून दोनदा ओढली की पुरे.

जोडताना उलट क्रमाने. शेवटी शून्य फिरवायचं आणि ऐकायचं. आवाज एकसारखा हवा, शेवटी रेंगाळणारा नको.

ऐकण्यावरून आठवलं. आपल्या बी विंगमधल्या आजी, त्यांच्या परवानगीने सांगतोय, नाव मात्र नको म्हणाल्या. दृष्टी बरीच अधू झाली आहे. घरात हाच काळा फोन आहे आणि त्या बोटाने भोकं मोजून लेकीला नाशिकला फोन लावतात. पत्र्याला लागून शून्य, मग नऊ, मग आठ, असं शेवटून. गेल्या पावसाळ्यापासून राँग नंबर लागायला लागले. दुकानदार म्हणाला, फेकून द्या, बटणांचा घ्या. मीही बटणांचा फोन नेऊन दाखवला. पाचच्या बटणावर ठिपका असतो, तोही बोटाला लावून दिला. म्हणाल्या, "भाऊ, तो ठिपका शोधत बसू की पोरीशी बोलू?"

मग त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर डायल उघडली. वर सांगितलं तेच निघालं, वाळलेलं तेल. साफ केलं, जोडलं, शून्य फिरवलं. मी घड्याळ बघत होतो. आजी म्हणाल्या, "अजून ओढतेय." माझ्या घड्याळाने ठीक होतं. पण चाळीस वर्षं तो आवाज त्यांच्या कानात आहे, म्हणून पुन्हा उघडली. गव्हर्नरच्या एका टोकाला केसाएवढा धागा अडकला होता. तो काढला. तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा त्या काही बोलल्याच नाहीत, सरळ लेकीचा नंबर लावायला घेतला. मोबाईलचा नंबर, पुढे शून्य धरून अकरा आकडे. चांगली पंधरा-वीस सेकंदं लागली. मी उभाच.

हे सांगण्यामागे एक काम आहे, सेक्रेटरी साहेबांनी नोंद घ्यावी. रौप्यमहोत्सवी वर्षात आपण इमारत रंगवतोय आणि डक्टमधल्या जुन्या तांब्याच्या वायरी काढून टाकायचा विषय सभेपुढे आहे. वायरी लोंबकळतात, दिसायला वाईट, हे मान्य. पण बी विंगमधली एक जोडी जिवंत आहे. फायबर घेतलं तर जो डबा घरात बसतो, तो पुष्कळदा डायलचे पल्स ओळखत नाही. काही डबे ओळखतात, आणि पल्सचा टोन करून देणारं छोटं यंत्रही मिळतं. पण ते आधी विचारून, आणून, लावून बघावं लागेल. शिवाय तो डबा घरच्या विजेवर चालतो. तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून येते, त्यामुळे लाइट गेले तरी आजींचा फोन चालू राहतो. एकट्या राहणाऱ्या माणसाला हा फरक लहान नाही.

तेव्हा रंगाऱ्याने शिडी लावायच्या आधी मला हाक मारा. ती जोडी मी लाल चिकटपट्टीने बांधून ठेवतो. बाकीच्या खुशाल कापा.

आणि मुलांनो, जेवणाची पंगत बसायला अजून अर्धा तास आहे. दोन डायली, दोन पेचकस, दोन वाट्या. या पुढे.

(एका सभासदाच्या भाषणावरून)