पटाभोवतीची संध्याकाळ

(भिलाई येथे बुद्धिबळप्रेमींपुढे केलेले भाषण)



बुद्धिबळावर बोलावयास उभा राहिलेला वक्ता बहुधा प्रथम थोर खेळाडूंकडे वळतो. अलीकडे तर तसे वळण्यास कारणेही पुष्कळ आहेत. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदके मिळविली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सिंगापूर येथे गुकेश जगज्जेता झाला. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. या यशाचा आनंद आपणां सर्वांना आहेच. आज मात्र मला एका लहान गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. एक साधी खोली, आठदहा पट, काही जुनी घड्याळे आणि ठरलेल्या वारी तेथे जमणारी माणसे, एवढाच माझा विषय आहे. ही खोली टिकावी की नाही, आणि टिकावयाची तर कोणासाठी, हा प्रश्न मी आपणांपुढे ठेवणार आहे.

प्रथम या गावाचा विचार करू. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भाताच्या शेतांच्या या मुलखात देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. मराठी माणसाला हा प्रदेश अगदीच परका नव्हता. अठराव्या शतकात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहिला होता, आणि १९५६ पर्यंत नागपूर व दुर्ग हे जिल्हे एकाच प्रांतात होते. तरीही वसाहतीत शेजारी राहावयास आलेली कुटुंबे परस्परांना अनोळखीच होती. भाषा निराळ्या, जेवण निराळे, सणवार निराळे.

अशा माणसांनी एका पटाभोवती बसावे, यात एक मौजेची अडचण होती. आपण मराठी माणसे पटाच्या कोपऱ्यात हत्ती ठेवतो आणि तिरक्या घरांतून उंट चालवितो. बंगाली माणसाच्या कोपऱ्यात मात्र नौका असते, आणि तिरका चालतो तो त्याचा हत्ती. मल्याळी माणसाच्या कोपऱ्यात रथ उभा असतो; हत्ती त्याचाही तिरकाच चालतो. याहून नवल असे की ज्या देशातून येथे तज्ज्ञ आले, त्या रशियाच्या भाषेतही कोपऱ्यातल्या मोहऱ्याला नौकेचेच नाव आहे आणि तिरक्या मोहऱ्याला हत्तीचे. म्हणजे हुगळीकाठचा आणि व्होल्गाकाठचा माणूस या बाबतीत एकमेकांना चटकन समजून घेईल. घोटाळ्यात पडेल तो मराठी माणूस!

नावांचे सोडा, पूर्वी नियमही एक नव्हते. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. आजच्यासारखा किल्लेकोट नव्हता; त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची चाल खेळण्याची मुभा अनेक ठिकाणी असे. शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याचे काय करावे, याविषयीही गावोगाव मतभेद होते. १९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे दोघे संयुक्त विजेते ठरले. त्या काळापासून आंतरराष्ट्रीय नियम हळूहळू सर्वत्र रूढ झाले. नावे ज्याची त्याच्यापाशी राहिली, नियम सर्वांचे एक झाले. नाना प्रांतांच्या माणसांनी एकत्र कसे राहावे, याचा याहून सुटसुटीत धडा मला ठाऊक नाही.

आता खोलीत शिरू. कारखान्याच्या वसाहतीत घराच्या आकारावरून त्यात राहणाऱ्याचा हुद्दा ओळखता येतो. पटावर मात्र ती सोय नाही. हात लावलेला मोहरा खेळलाच पाहिजे, हा नियम अभियंत्याला लागू आहे तसाच भट्टीवरच्या कामगारालाही लागू आहे. घड्याळ दोघांनाही सारखीच मिनिटे देते. दोन तास कोणी कोणाला साहेब म्हणत नाही. म्हटले तरी त्याने प्यादे वाचत नाही.

तथापि मंडळाच्या संध्याकाळचे खरे मोल डाव संपल्यावर कळते. हरलेला माणूस उठून जात नाही. मोहरे पुन्हा मांडले जातात आणि जिंकणारा व हरणारा मिळून चूक शोधू लागतात. “येथे घोडा मागे घेतला असता तर?” असे एक विचारतो, आणि दुसरा ती चाल खेळून दाखवितो. भोवती चारपाच जण जमतात. कधी एखादा शाळकरी मुलगा असे काही सुचवितो की दोघेही ज्येष्ठ गप्प होतात. आपल्या चुकीचा चारचौघांत शोध घ्यावा आणि त्यात कमीपणा वाटू नये, ही सवय घरात लागत नाही, कचेरीत तर नाहीच नाही. जेथे वितळलेल्या लोखंडाशी काम आहे, तेथे चूक लपविण्यापेक्षा सांगण्याची सवय किती मोलाची, हे मी आपणांस सांगावयास नको.

असे मंडळ दीर्घकाळ चालते ते कशाच्या बळावर? याचे उत्तर हवे असेल तर महाराष्ट्रातील सांगलीकडे पाहावे. तेथे भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले. सांगली ही काही राजधानी नव्हे. तरीही स्पर्धा नेमाने भरविणे, मुलांना शिकविणे आणि बाहेरगावच्या खेळाडूंचे आतिथ्य करणे, हे काम तेथे वर्षानुवर्षे चालले. राष्ट्रीय महिला अजिंक्यपद पाच वेळा मिळविणाऱ्या भाग्यश्री साठे, म्हणजे नंतरच्या भाग्यश्री ठिपसे, त्याच सांगलीच्या. थोर खेळाडू निपजण्यापूर्वी कोणीतरी रोज सायंकाळी दार उघडून, सतरंजी झटकून पट मांडावा लागतो, असा याचा अर्थ आहे.

दार उघडणे म्हणजे ते सर्वांसाठी उघडणे. याबाबत मुंबईच्या खाडिलकर भगिनींची हकीकत लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९७४ साली पहिले राष्ट्रीय महिला अजिंक्यपद वासंती खाडिलकर यांनी मिळविले. १९७६ साली त्यांची धाकटी बहीण रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा तिचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. त्यावर मोठे वादळ उठले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. आणि अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष माक्स ऑयवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. एका मुलीने खुर्चीवर बसण्याचा हक्क मागितला, त्याचा लाभ जगभरच्या खेळाडूंना झाला.

आज आपल्यापुढे निराळी अडचण आहे. मुलाच्या हातात दूरध्वनी आहे आणि त्यावर मध्यरात्रीही प्रतिस्पर्धी मिळतो. त्याने खेळ सुधारतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेथे हरलेला माणूस बोट फिरवून दुसरा डाव सुरू करतो. समोर चेहरा नसतो, हस्तांदोलन नसते आणि चुकीची चर्चाही नसते. यंत्र अचूक चाल सांगते. आपण चुकीची चाल का खेळलो, हे मात्र समोरचा माणूसच विचारतो.

दुसरी अडचण गावाचीच आहे. कारखान्यातील कायम नोकर पूर्वीच्या मानाने कमी झाले असून कंत्राटी कामगार वाढले आहेत. वसाहतीतल्या सभागृहांशी कायम नोकराच्या कुटुंबाचा जसा संबंध आला, तसा या कामगारांच्या मुलांचा सहजी येत नाही. मंडळ जर केवळ जुन्या सभासदांचे राहिले तर ते त्यांच्याबरोबरच निवृत्त होईल. पटावर हुद्दा नसतो असे आपण अभिमानाने म्हणतो. पण जो दाराबाहेरच राहिला त्याला या समतेचा काय उपयोग?

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत. आठवड्याचा वार ठरवावा आणि चारच माणसे आली तरी तो चुकवू नये. पाळ्या बदलत असतात, हे जाणून स्पर्धेच्या फेऱ्या आखाव्यात, म्हणजे दुपारपाळी लागलेल्याचा डाव न खेळताच जाणार नाही. नवख्याला पहिल्याच दिवशी एखाद्या जाणत्याने एक डाव द्यावा आणि डावानंतर पाव तास त्याच्याबरोबर घालवावा. वर्गणी अशी असावी की कंत्राटी कामगाराच्या मुलाला ती विचारताना संकोच वाटू नये. शेवटी, खेळ अशा वेळी संपवावा की मुलींना निर्धास्तपणे घरी जाता येईल. मुली येत नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी आपल्या घड्याळाकडे एकदा पाहणे बरे.

यांतील एकाही गोष्टीला फारसा पैसा लागत नाही. लागते ते सातत्य, आणि ते पुरविणारी दोनतीन माणसे. अशी माणसे या सभेत बसलेली आहेत, असा माझा विश्वास आहे. त्यांनी येत्या आठवड्याचा वार आजच ठरवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.