परसबागेची उलटी मोजणी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून मी आज भाजीच्या रोपांविषयी बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आधीच्या पिढीने जिनिंगमध्ये मजुरी केली, बाजारात हमाली केली, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला. मुलाच्या हाताची माती सुटावी म्हणूनच त्याला शाळेत घातले, असे एखादा पालक म्हणाला तर त्याची भावना मी समजू शकतो. परंतु परसबागेत मेहनतीपेक्षा हिशेबाचे काम अधिक आहे, आणि हिशेब हा तर शाळेचाच विषय आहे. आज मला एवढेच सांगायचे आहे.

प्रथम गरज पाहू. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण शंभरात ६९ च्या आसपास होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने रोज निदान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात, आणि त्यात बटाटा धरू नये. आपल्या ताटात त्यातले किती असते, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे. त्यातही एप्रिल-मे महिन्यांत पालेभाजी महाग होते आणि घरातील बाई आपला वाटा मुलांच्या ताटात टाकते. भाजी म्हणजे औषध नव्हे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या घेतल्याच पाहिजेत. परंतु पालेभाजीवर पिळलेले लिंबू किंवा सोबतचा टमाटा त्या भाजीतील लोह अंगी लागण्यास मदत करतो, हेही तितकेच खरे आहे.

आता हिशेबाकडे वळू. थंड देशांतील पुस्तकांत वसंत ऋतूची बाग करण्याची एक रीत दिलेली असते. तेथे हिवाळ्यात बर्फ पडते. ते शेवटचे कडक दव कोणत्या तारखेला पडेल, हे पाहून तेथील लोक सहा-आठ आठवडे मागे मोजतात आणि घरातच, खिडकीपाशी बी टाकतात. बाहेरची जमीन उबदार झाली की तयार रोप लावायचे, अशी ती युक्ती आहे. पुस्तक वाचून आपणही मार्चमध्ये बी टाकले तर फसगत होईल. खामगावला बर्फाचे भय नाही, आपल्याला भय आहे उन्हाचे. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. म्हणून युक्ती तीच ठेवावी, पण मोजणी थंडीपासून न करता उन्हापासून मागे करावी.

टमाट्याचे उदाहरण घ्या. दिवसाचे तापमान सतत ३५ अंशांवर राहू लागले आणि रात्रीचाही गारवा गेला की टमाट्याच्या फुलातील परागकण निकामी होतात आणि फुले गळून पडतात. झाड हिरवेगार दिसते, पण फळ धरत नाही. आपल्याकडे ही स्थिती मार्चच्या उत्तरार्धात येऊ लागते. म्हणजे फुले फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लागली पाहिजेत. रोप लावल्यापासून फुलापर्यंत सुमारे एक महिना लागतो, म्हणजे लावणी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. बियाचे रोप होण्यास आणखी एक महिना, आणि थंडीत उगवण उशिरा होते म्हणून वर एक आठवडा. हिशेब डिसेंबरच्या मध्यावर येऊन थांबतो. मिरचीच्या रोपाला ४० ते ४५ दिवस लागतात, म्हणून तिचे बीही त्याच आठवड्यात टाकावे. वांगे ऊन अधिक सोसते, त्याला दोन आठवडे उशीर झाला तरी चालेल.

येथे कॅलेंडरविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपले हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि ते सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान आणि ईद सर्व ऋतूंमधून फिरतात. बियाणे मात्र सूर्याचा हिशेब पाळते. गावचा शेतकरी रोहिणी, मृग ही नक्षत्रे धरून बोलतो त्याचे कारण हेच, कारण ती सूर्यावर मोजलेली असतात. बाराव्या शतकात स्पेनमधील सेव्हिल येथे इब्न अल-अव्वाम यांनी ‘किताब अल-फिलाहा’ हा शेतीवरील मोठा ग्रंथ अरबीत लिहिला आणि त्यात शेकडो वनस्पतींची लागवड नोंदवली. शेतीचे ज्ञान लिहून ठेवण्यास विद्वानांना कधी कमीपणा वाटलेला नाही.

आता प्रत्यक्ष कृती. तेलाचा जुना डबा आडवा कापावा, किंवा फळांची उथळ पेटी घ्यावी. खोली सात-आठ सेंटिमीटर पुरे. तळाला भोके पाडणे अत्यंत आवश्यक आहे. आपली काळी माती कपाशीला उत्तम, पण नुसती वापरली तर ओली झाल्यावर चिकट होते आणि सुकल्यावर भेगाळते. कोवळ्या अंकुराला ती फोडून वर येता येत नाही. म्हणून एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण चाळून भरावे. बोटभर अंतरावर ओळी कराव्यात, बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकावे, वर मिश्रण भुरभुरावे आणि ओले गोणपाट झाकावे. बाजारच्या बियाण्याला रंगीत औषध लावलेले असते. ते हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि उरलेले बी कोंबड्यांपुढे टाकू नये.

डिसेंबरात आपल्याकडे रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, आणि टमाटा, मिरची यांच्या बियाला २० ते ३० अंशांची ऊब हवी असते. म्हणून ही पेटी रात्री स्वयंपाकघरात, चुलीच्या किंवा शेगडीच्या जवळच्या भिंतीशी, पण आचेपासून दूर ठेवावी. अंकुर दिसेपर्यंत उजेड नसला तरी चालतो. मात्र पहिला अंकुर दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढून पेटी सकाळच्या उन्हात ठेवावी. हे एक-दोन दिवस चुकले तर रोपे उजेडाच्या शोधात लांब, फिकट आणि किडकिडीत होतात, आणि मग ती सुधारत नाहीत.

दुसरा धोका पाण्याचा. रोपे बुडाशी कुजून एका रात्रीत आडवी पडतात, तो बुरशीचा रोग होय. दाटी आणि सततची ओल ही त्याची मुख्य कारणे. बी विरळ टाकावे, पाणी सकाळी द्यावे आणि वरची माती सुकल्यावरच पुन्हा द्यावे. पाणी कोणते, हाही प्रश्न आहे. आपल्या उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील अनेक गावांत विहिरीचे व बोअरचे पाणी खारट आहे. मोठे झाड असे पाणी थोडेफार सोसते, पण उगवणारे बी सोसत नाही. तेथील पालकांनी निदान पेटीपुरते गोडे पाणी वापरावे. दिवसाला तांब्याभर पुरते.

रोप १२ ते १५ सेंटिमीटर उंच आणि चार-पाच पानांचे झाले की आठवडाभर पाणी थोडे कमी करून त्याला उन्हाची सवय लावावी. लावणी संध्याकाळी करावी, मुळांशी माती राहू द्यावी. वाफा उन्हाळ्यासाठी असल्याने सपाट किंवा किंचित खोल करावा, म्हणजे पाणी धरून राहते. रोपांभोवती सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार चार बोटे जाडीचे पसरावे. मार्चपासून पश्चिमेच्या बाजूस तुराट्या रोवून त्यांवर जुनी ओढणी बांधली की दुपारची झळ अडते. भेंडी, गवार, चवळी यांची रोपे करू नयेत. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जमीन उबदार झाल्यावर बी जागेवरच टोचावे, भेंडीचे बी रात्रभर भिजवून. काकडी आणि दोडका यांची मुळे हलवलेली सोसत नाहीत. त्यांचे बी जानेवारीच्या अखेरीस वर्तमानपत्राच्या पुडीत माती भरून लावावे आणि पुडीसकट जमिनीत ठेवावे. सांबार व मेथी फेब्रुवारीनंतर सावलीतच टिकतात.

काहीजण म्हणतील, आमच्या गल्लीत परस कुठे आहे? पाण्याची टंचाई आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून त्यांचाही हिशेबच करू. विद्यार्थी मित्रांनो, एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिलमध्ये भाजीला दिवसाला सहा मिलिमीटर धरले, तर चार चौरस मीटरच्या वाफ्याला २४ लिटर लागतील. घरात तेवढे पाणी नसेल तर वाफा निम्मा करावा. तेही नसेल तर गच्चीवर किंवा दाराशी चार डबे ठेवावेत: दोन टमाट्याचे, एक मिरचीचा, एक सांबाराचा. भाजी आणि तांदूळ धुतलेले पाणी त्यांना द्यावे, साबणाचे देऊ नये. आणि ही पाण्याची बादली नेहमी मुलीनेच उचलावी, असा नियम कोठेही नाही. घरात मुलगा असेल तर त्याच्या हातालाही बादलीची कडी परिचयाची असावी.

आपल्या शेजारी ज्ञानाची उणीव नाही. अकोल्याचे कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले. ज्यांचे नाव ते धारण करते ते डॉ. पंजाबराव देशमुख विदर्भातील पापळ गावचे. ते पुढे देशाचे कृषिमंत्री झाले आणि शिक्षण व शेती या दोन्ही गोष्टी त्यांनी आयुष्यभर एकत्र धरल्या. आपल्या जिल्ह्यात जळगाव जामोद येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथे जाऊन विचारण्यास संकोच करू नये.

नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. त्यांनी परसबागेतून देशी बियाणे जपले, वाढवले, इतरांना वाटले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अक्षरओळख नसताना एक बाई निरीक्षणाच्या बळावर एवढे करू शकते, तर आपल्या मुलामुलींच्या हातात वही आणि पेन आहे. बी कधी टाकले, किती उगवले, पहिले फूल कधी आले, रोज किती पाणी दिले, हे प्रत्येकाने लिहावे. शंभर बियांपैकी ७२ उगवली तर उगवण ७२ टक्के, हे गणित फळ्यावरचे असले तरी ते पेटीत जास्त चांगले समजते. संकरित वाणाचे बी पुढल्या वर्षी तसेच उतरत नाही. सरळ वाणाचे उतरते. घरचे बी ठेवायचे असेल तर सरळ वाण घ्यावे आणि उत्तम झाडाचे पहिले निकोप फळ राखून ठेवावे.

पालकांना माझी विनंती आहे की, मुलाच्या अभ्यासातला वेळ मी मागत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षा ऐन रोपांच्या दिवसांत येतात, हे मला माहीत आहे. सकाळची दहा मिनिटे पुरतात, आणि ती घरातील धाकट्यांनी द्यावीत. डिसेंबरचा मध्य लक्षात ठेवा. त्या दिवशी एक डबा, चिमूटभर बी आणि एक वही एवढे घरात असले, तर मार्च अखेर घरातल्या बाईला आपला वाटा सोडावा लागणार नाही.