शिकणाऱ्या सुनेचे घर

(धाड येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकीत केलेले भाषण)



कोणाचा मिरचीचा तोडा अर्धा राहिला आहे, कोणाच्या भट्टीपुढे फाळ पडून आहेत, तरी आपण येथे जमला आहात. तेव्हा फार वेळ घेणार नाही. आम्ही विद्वान नव्हे. आमचे सारे आयुष्य वाकस, रंधा आणि करवत यांच्या संगतीत गेले. परंतु आमच्या घरात एक विद्वान तयार होत आहे, आणि ती आमची सून आहे. त्या घराची हकीकत सांगावयास आम्ही उभे राहिलो आहोत. हकीकतीत फुशारकी थोडी आणि फजिती पुष्कळ आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

लोक आम्हांस विचारतात, "मिस्त्री, सून एम. ए. झाली ना? मग आता आणखी काय शिकते?" प्रश्न रास्त आहे, आम्हीही पहिल्या वर्षी हाच विचारला होता. तिने आम्हांस आमच्याच भाषेत समजावून दिले. तयार तिफणीचे माप घेऊन तशीच दुसरी तिफण करणे म्हणजे एम. ए. पर्यंतचे शिक्षण. आणि ज्या जमिनीत आजवरची तिफण चालत नाही, तिच्यासाठी नवी तिफण जुळवून, ती चालते हे चार जाणत्यांपुढे सिद्ध करून देणे म्हणजे पीएच. डी. हे ऐकल्यावर आम्ही पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

तिचा विषय आहे आपल्या भागातील जात्यावरच्या ओव्या. आपले धाड हद्दीवरचे गाव. १९४७ पर्यंत अलीकडे इंग्रजांचा अंमल आणि १९४८ पर्यंत पलीकडे, भोकरदनकडे, निजामाचा. राज्ये दोन होती, पण लेकी देताना आणि सुना आणताना कोणी हद्द पाहिली नाही. इकडची लेक तिकडे गेली ती ओव्या घेऊन गेली, तिकडची इकडे आली ती घेऊन आली. त्या ओव्यांत माहेर कसे, सासर कसे, भाऊ कसा, दुष्काळ कसा, हे सारे आहे, असे सूनबाई म्हणते. यात कसले संशोधन, असे ज्यास वाटत असेल त्याने ऐकावे की हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या दोघांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. साने गुरुजींनीही 'स्त्रीजीवन' या नावाने ओव्यांचा संग्रह केला. ज्या बायांना आपण अडाणी म्हणून कोपऱ्यात बसविले, त्यांची ही मिळकत आहे; आणि ती सातबाऱ्यावर चढलेली नाही.

आता या शिक्षणाचे वर्ष कसे असते ते ऐका. शेताचे वर्ष पेरणी, निंदणी, काढणी असे डोळ्यांना दिसते. या शिक्षणाचे दिसत नाही, म्हणून घरात भांडणे होतात. प्रथम प्रवेशपरीक्षा. मग सहा महिन्यांच्या आसपास वर्गातला अभ्यास. मग विषयाचा आराखडा समितीपुढे मांडून मान्य करून घ्यावयाचा. पुढे दर सहा महिन्यांनी काय काम झाले याचा हिशेब द्यावयाचा. शेवटी प्रबंध, बाहेरच्या परीक्षकांची तपासणी आणि तोंडी परीक्षा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे यास कमीत कमी ३ वर्षे लागतात आणि मुदत ६ वर्षांची असते. स्त्रियांना २ वर्षे जास्त मिळतात, आणि बाळंतपण व मूल सांभाळण्यासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. सरकारास हे कळले की शिकणाऱ्या बाईला घर असते. घराला मात्र हे कळावयाचे राहिले की घरातली बाई शिकत असते.

आमच्या घरचे सांगतो. पहिल्या वर्षी नातू दोन वर्षांचा होता. सूनबाई वर्गासाठी गेली की तो आजीजवळ राही, आणि आजी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू ठेवी. दुसऱ्या वर्षी आराखडा मान्य झाला. तिने घरी पेढे आणले, आम्ही ते खाल्ले, आणि कशाचे पेढे हे कोणी विचारले नाही. त्या उन्हाळ्यात ती गावोगाव हिंडली. म्हाताऱ्यांच्या उशापायथ्याशी बसून ओव्या उतरून घेतल्या. रात्री सर्वांची जेवणे झाली, भांडी झाली, मग ती त्या नीट लिहून काढी. पोळ्याला आपण बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतो, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही. आमच्या घरी सुनेचा पोळा कोणता, हे त्या पाच वर्षांत आम्हांस सांगता आले नसते.

तिसऱ्या वर्षी जे घडले ते सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत. थंडीचे दिवस होते. पहाटे आम्ही अंघोळीसाठी बंब पेटवीत होतो. लाकडे ओली, पेट घेईनात. पडवीत कागदांचा एक गठ्ठा दिसला, पिवळे पडलेले, कडा दुमडलेले, पेन्सिलीने लिहिलेले. पोराच्या जुन्या वह्या असतील असे वाटले. आम्ही ते कागद मुठीमुठीने बंबात घातले. पाणी छान तापले. अंघोळ करून आम्ही देवाला नमस्कारही केला.

ते कागद म्हणजे तीन गावांतल्या ओव्या होत्या. अजून वहीत उतरविलेल्या नव्हत्या.

सूनबाई रडली नाही. आम्हांस काही बोललीही नाही. तिने बंबाचे दार उघडून राख पाहिली आणि चहा ठेवावयास गेली. आमचे डोके त्या दिवशी ठिकाणावर नव्हते. रंधा मारताना बोट सोलून घेतले. पुढच्या आठवड्यापासून ती पुन्हा त्या तीन गावांना गेली. दोन गावांतल्या म्हाताऱ्यांनी हसत पुन्हा सांगितले. तिसऱ्या गावची आजी तोवर वारली होती. तिच्या ओव्या तिच्या लेकीलाही येत नव्हत्या. गेल्या त्या गेल्या.

बंधुहो, कागद जाळले ते आम्ही हौसेने नव्हे, हे खरे. पण ते कागद पडवीत का होते, याचा जाब आम्हांसच दिला पाहिजे. साऱ्या घरात आमच्या पटाशीला जागा होती, मुलाच्या मोटारसायकलला होती, शेळीला होती. तिच्या कागदांना नव्हती. पाच खणांच्या घरात हातभर फळी सुताराने आपल्या सुनेला लावून दिली नाही!

घरात जागा किती आहे याने काही अडत नाही, हे आपल्या डोळ्यांपुढे आहे. सुभेदार रामजी सकपाळ मुंबईस परळच्या चाळीत एका खोलीत राहत. चरित्रकार लिहितात की पोराला लवकर निजवून बाप दोन वाजेपर्यंत जागा राही. मग त्यास अभ्यासाला उठवी आणि त्या जागी आपण अंग टाकी. पुस्तकाला पैसे नसले तर लग्न झालेल्या लेकींकडे जाऊन उसने आणी, वेळेस दागिना गहाण टाकी. तो पोर म्हणजे भीमराव. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजी वारले आणि त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला गेले. १९१५ साली ते एम. ए. झाले. कोलंबियाची पीएच. डी. मात्र १९२७ साली हाती आली. इतका काळ! आपण तिसऱ्या वर्षी विचारतो, "अजून झाले नाही का?" १९१७ साली परत येताना त्यांचे सामान ज्या जहाजात होते ते युद्धात बुडविले गेले. समुद्राने बुडविले तर निदान समुद्राचे नाव घेता येते. आमच्या घरी बंब होता.

आणि त्या काळात मुंबईत रमाबाई होत्या. टंचाईत संसार चालला. पाच लेकरांपैकी चार गेली, एकटे यशवंतराव राहिले. १९३५ साली रमाबाईही गेल्या. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ छापला, तो आईबापांनी शिक्षणासाठी सोसले त्याची आठवण ठेवून त्यांस अर्पण केला. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा ग्रंथ 'रामू'च्या स्मृतीस अर्पण केला. अर्पणाचे पान कोणी वाचीत नाही. आमचे म्हणणे, आधी तेच वाचावे. घराने काय दिले याची ती पावती असते. पण आम्हांस एक शंका येते ती बोलून दाखवितो. रमाबाईंच्या तसबिरीला हार घालून आपण आपल्या सुनांना सोसण्याचाच धडा देतो. सोसणारी बाई आपल्याला आवडते; शिकणारी बाई असली आणि सोसणे आपल्या वाट्याला आले, की आपण कुरकुरतो. आम्ही कुरकुरलो, म्हणून सांगतो.

ती वाचते काय, हेही सांगितले पाहिजे, कारण घरच्या माणसांनी तेच कधी विचारलेले नसते. तिच्या उशाशी एक पातळसे पुस्तक असते. ते आपल्याच जिल्ह्यातल्या बाईचे आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यास सरकारी कचेरीत होते, सत्यशोधक समाजाचे होते, आणि त्यांनी लेकीला शिकविले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रे साऱ्या स्त्रीजातीला नावे ठेवू लागली, तेव्हा या बाईने पुरुषांना सवाल केला की जे दुर्गुण आमच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत काय? पुष्कळांना राग आला. जोतीराव फुल्यांनी मात्र 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विसरले गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले, तेव्हा लोकांना कळले. आम्हांस तर सुनेने सांगितले तेव्हा कळले, आणि बुलढाण्याला आम्ही दरमहा जातो!

दुसरे पुस्तक बहिणाबाई चौधरींचे. जळगावकडची ही शेतकरीण, अक्षर-ओळख नाही. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ साली मुलगा सोपानदेव यांनी त्यांची गाणी छापून आणली. मुलाने उतरवून घेतली म्हणून आज ती आहेत. तिसरे पुस्तक पंढरीनाथ सीताराम पाटलांनी १९२७ साली आपल्या शेजारच्या चिखलीहून काढलेले जोतीरावांचे चरित्र.

बंबाच्या त्या प्रकारानंतर आम्ही कडुनिंबाची एक पेटी केली. निंबाला कसर लागत नाही. सागाची करावी असे मुलगा म्हणाला. पण आम्ही म्हटले, कडू लाकूडच बरे, आम्हांस आठवण राहील. पेटी पडवीत नव्हे, माजघरात ठेवली, आणि वर खिडकीखाली लिहावयास फळी लावली. रात्रीच्या भांड्यांचे काम मुलाने अंगावर घेतले. पहिले चार दिवस आजीने तोंड वाकडे केले. आता आजीच रात्री म्हणते, "वाच गं, ते बुलढाण्याच्या बाईचं." आणि मधूनच स्वतःची ओवी म्हणते. चाळीस वर्षे आमच्या घरात राहिलेल्या बाईला इतक्या ओव्या येतात, हे आम्हांस सून प्रबंध लिहू लागली तेव्हा समजले.

प्रबंधाचे शेवटचे प्रकरण चालू आहे. ज्या गावच्या आजी गेल्या, त्या गावची पाने तिने कोरी ठेवली आहेत. त्या आजींचे माहेर धाडकडचे होते, असे त्यांची लेक सांगते. तेव्हा आपल्यापैकी ज्यांच्या घरी जात्यावर दळलेल्या म्हाताऱ्या आहेत, त्यांनी घाई न करता थांबावे. सूनबाई तिकडे पारावर वही घेऊन बसली आहे. आजीबाईंना चालवत नसेल तर घर कोणते ते सांगून जावे. उद्या सकाळी ती येईल, आणि तिची पेटी उचलून आम्ही बरोबर येऊ.