कचेरींत आलेलें कुत्रें



गेल्या पावसाळ्यांत एका शुक्रवारीं रात्रीं जेवतांना माझी धाकटी मुलगी म्हणाली, "बाबा, आज आमच्या हापिसांत कुत्रा आला होता." मीं विचारलें, "मग शिपायानें हांकलला कीं नाहीं?" ती हंसली. कुत्रा चुकून आंत शिरला नव्हता; त्यास रीतसर पाचारण करण्यांत आलें होतें. त्याला पाळणारी बाई मोटारींतून त्यास घेऊन आली होती. गळ्यांत ओळखपत्र, अंगाला नुकतें न्हाऊं घातल्याचा वास, आणि नांव लाडू. (आमच्या लहानपणीं कुत्र्याचें नांव मोत्या असावयाचें, काळ्या कुत्र्याचें देखील मोत्याच!) दोन तास हा लाडू कचेरींतील मंडळींत वावरला. ज्यास वाटेल त्यानें त्याच्या अंगावरून हात फिरवावा आणि मग पुन्हा आपल्या कामास लागावें, असा तो कार्यक्रम होता. कामानें शिणलेल्या मनास यामुळें विसांवा मिळतो, असें वरिष्ठांनीं सूचनापत्रांत लिहिलें होतें.

मी आयुष्यभर शाळामास्तर होतों. शाळेच्या ओट्यावरून कुत्रीं हांकलणें हा माझ्या नोकरीचा एक अलिखित भागच होता. तेव्हां मला प्रथम हंसूं आलें, आणि मागाहून थोडा रागही आला. एवढ्या मोठ्या पगाराच्या सुशिक्षित माणसांना मनाचा शीण घालविण्यास कुत्रें लागावें काय? परंतु मुलगी पुढें जें बोलली त्यानें माझें हंसणें थांबलें. ती म्हणाली, "मीं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि मला एकदम रडूं आलें. कां, तें मलाच सांगतां येईना." कामाविषयीं तिनें घरांत कधीं तक्रार केली नव्हती. तिला कित्येक दिवस धड झोंप लागत नाहीं, हेंही आम्हांस त्याच रात्रीं कळलें. जें आईबापांपुढें बोललें गेलें नाहीं तें एका परक्या कुत्र्यापुढें बाहेर पडलें, ही गोष्ट माझ्या मनास लागून राहिली. त्यानंतर या विषयावर जें मिळालें तें मीं वाचलें. कांहीं पटलें, कांहीं पटलें नाहीं. तें आज आपणांपुढें मांडीत आहें.

अशा कुत्र्याची जात निराळी नसते, शिकवण निराळी असते. आंधळ्यास वाट दाखविणारा कुत्रा एकाच धन्याची सेवा करतो, आणि तो कामावर असतांना इतरांनीं त्यास गोंजारूं नये असा संकेत आहे. पहाऱ्याचा कुत्रा परक्यावर भुंकतो. 'थेरपी डॉग' या नांवानें जो ओळखला जातो, त्याचें काम नेमकें याच्या उलट. परक्या माणसांत त्यानें निवांत बसावें, पाठीमागें खुर्ची पडली तरी बिचकूं नये, कोणी अजाणतां शेपूट ओढली तरी गुरगुरूं नये, हें त्याचें शिक्षण. शिवाय परीक्षा एकट्या कुत्र्याची होत नाहीं. त्याला घेऊन येणाऱ्या माणसाचीही त्याजबरोबर होते. ही दुहेरी परीक्षा मला फार आवडली. मुलाबरोबर पालकाचीही परीक्षा घेण्याची सोय आमच्या खात्यांत नव्हती.

ही कल्पना कचेरींत आली ती रुग्णालयांतून. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं शुश्रूषेवरील आपल्या १८५९ सालच्या पुस्तकांत लिहून ठेविलें आहे कीं, दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रोग्यास एखादा लहानसा पाळीव प्राणी उत्तम सोबती होतो. परंतु मला सर्वांत विलक्षण वाटली ती दुसऱ्या महायुद्धांतील एका कुत्रीची हकीकत. १९४४ सालीं न्यू गिनी बेटावरील जंगलांत, ओसाड पडलेल्या एका खंदकांत, एका अमेरिकन सैनिकास एक चिमुकली कुत्री सांपडली. वजन अवघें ४ पौंड, उंची ७ इंच. विल्यम विन नांवाच्या सैनिकानें २ ऑस्ट्रेलियन पौंडांस ती विकत घेतली. तिचें नांव स्मोकी. पुढें विन डेंग्यूच्या तापानें आजारी पडून लष्करी रुग्णालयांत गेला, तेव्हां मित्रांनीं तिला त्याच्या भेटीस आणलें. तेथील प्रमुख डॉ. चार्ल्स मेयो यांनीं तिला ठेवून घेण्यास परवानगी दिली. रात्रीं ती विनच्या बिछान्यावर निजे, आणि दिवसां परिचारिका तिला रणभूमीवरून आणलेल्या जखमी शिपायांच्या खाटांजवळून फिरवीत. जिची नोंद सांपडते अशी ही पहिली थेरपी डॉग, असें पुष्कळ जण मानतात. हीच स्मोकी पुढें फिलिपाइन्स बेटांत लिंगायेन येथील धांवपट्टीखालच्या ७० फूट लांबीच्या नळांतून तार ओढीत पलीकडे गेली, आणि धांवपट्टी खणण्याचे कष्ट वांचले. नळाची रुंदी ८ इंच! तेव्हां ती नुसती लाडकी बाहुली नव्हती, चांगली कामकरीण होती.

स्मोकी ही यॉर्कशायर टेरियर जातीची. या जातीचीं कुत्रीं इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत कापडगिरण्यांतील उंदीर मारण्यासाठीं ठेवीत असत. कामाची जागा आणि कुत्रें हा संबंध आजचा नव्हे. पूर्वीं तें उंदरांसाठीं ठेवीत, हल्लीं माणसांसाठीं बोलावूं लागले आहेत, इतकेंच.

कुत्र्याच्या सहवासानें बरें कां वाटावें? जपानांतील अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१५ सालीं असें दाखवून दिलें कीं, कुत्रें आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले असतां दोघांच्याही शरीरांत ऑक्सिटोसिन नांवाचा स्राव वाढतो. आई आणि तान्हें मूल यांच्यांतील ओढीशीं ज्याचा संबंध आहे तोच हा स्राव. माणसानें लहानपणापासून वाढविलेल्या लांडग्यांत मात्र हा प्रकार आढळला नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. रसायनांची गोष्ट मला याहून अधिक उलगडून सांगतां येणार नाहीं. परंतु दुसरी एक गोष्ट मला अनुभवानें समजते. मीं जन्मभर मुलांना गुण दिले. वर्गांत शिरतांच चाळीस जोडी डोळे माझ्याकडे वळत, आणि त्या प्रत्येक नजरेंत 'मला किती?' हा प्रश्न असे. कचेरींत याहून निराळें काय असतें? सकाळपासून संध्याकाळपर्यंत जी नजर भेटते ती मोजणारी. कुत्र्याच्या नजरेंत माप नसतें. तुमचा हिशेब चुकला कीं बरोबर आला, हें त्याच्या गांवींही नसतें.

आतां प्रत्यक्ष कचेरींत काय घडतें तें पाहूं. अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना राज्यांतील ग्रीन्सबरो येथें 'रिप्लेसमेंट्स लिमिटेड' नांवाची एक पेढी आहे. जुन्या संचांतील फुटलेल्या बशीस जोडीची बशी, हरवलेल्या चमच्यास जोडीचा चमचा शोधून विकणें हा तिचा धंदा. चिनी मातीच्या आणि कांचेच्या भांड्यांनीं भरलेल्या या पेढींत नोकरांना आपापलीं कुत्रीं बरोबर आणण्याची मुभा होती! सुमारें ५५० नोकर आणि दररोज २० ते ३० कुत्रीं. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाचे रँडॉल्फ बार्कर व त्यांचे सहकारी यांनीं तेथें कामाचा एक आठवडा पाहणी केली, व ती २०१२ सालीं प्रसिद्ध केली. ७५ नोकर निवडले. त्यांत कांहीं कुत्रें बरोबर आणणारे, कांहीं घरीं कुत्रें असून न आणणारे, तर कांहीं कोणताच प्राणी न पाळणारे. दिवस चढत गेला तसतसा कुत्रें जवळ असणाऱ्यांच्या मनावरील ताण उतरत गेला. इतरांचा वाढत गेला. ज्या दिवशीं कुत्रें घरीं ठेवून येण्यास सांगितलें, त्या दिवशीं संध्याकाळपर्यंत त्यांचाही ताण इतरांसारखाच चढला.

पण मला अधिक मोलाची वाटली ती त्याच पाहणींतील एक बारीकशी गोष्ट. ज्यांच्याजवळ कुत्रें नव्हतें असे नोकर मधल्या सुटींत सोबत्याकडे येऊन, 'तुझ्या कुत्र्याला मी जरा बाहेर फिरवून आणूं का?' असें विचारीत. म्हणजे कुत्र्याच्या निमित्तानें माणूस खुर्चीवरून उठला, उन्हांत गेला, आणि ज्याच्याशीं कदाचित् कधीं बोलला नसता त्याच्याशीं दोन शब्द बोलला. माझी अशी समजूत झाली आहे कीं, कुत्रें कामाचें ओझें रतीभरही कमी करीत नाहीं. तें मधून उठण्याची सबब देतें. आमच्या वेळीं ही सबब चहाच्या कपानें दिली. फरक एवढाच कीं चहा पितांना देखील माणसें कामाविषयींच बोलतात.

त्या पाहणीस मर्यादाही आहेत. ७५ ही संख्या लहान. ताण मोजला तो बव्हंशीं नोकरांनीं स्वतः सांगितलेल्या आंकड्यांवरून. ताणाचा निदर्शक असा जो लाळेंतील स्राव तपासला, त्यांत या गटांमध्यें भेद दिसला नाहीं. आणि तेथील कुत्रीं ज्याचीं त्याला सोबत करणारीं, रोजचीं होतीं. महिन्यांतून एकदां दोन तास येणाऱ्या लाडूकडून तेवढ्याच गुणाची अपेक्षा धरणें हें, वर्षांतून एकदां शाळा तपासावयास येणाऱ्या अधिकाऱ्याकडून मुलांच्या प्रगतीची अपेक्षा धरण्यासारखें आहे.

शिवाय सर्वांनाच कुत्रें आवडतें असें नाहीं. आपल्या देशांत तर त्याची भीति अगदीं सकारण आहे. जगांत कुत्र्याच्या विषबाधेनें जे मृत्यू होतात त्यांतील सुमारें एक तृतीयांश भारतांत होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. माझ्या मुलीच्या शेजारीं बसणारी एक मुलगी, लहानपणीं पिंडरीस चावा घेतलेली, लाडू येऊन जाईपर्यंतचा सगळा वेळ वरच्या मजल्यावरील जिन्यांत उभी होती. कोणी विचारलें तेव्हां तिनें फोन आला होता म्हणून सांगितलें. सर्व मंडळी आनंदांत असतां 'मला भीति वाटते' असें म्हणण्याचें धैर्य तिला झालें नाहीं. सर्वांच्या विसांव्यासाठीं योजलेल्या दोन तासांत एका माणसाचा जीव मुठींत होता, हें त्या सूचनापत्रांत कोठें येणार?

आणि कुत्र्याचें काय? तोही कामावरच असतो. अनेक परके हात अंगावर घेणें हें त्याच्या दृष्टीनें श्रमाचेंच आहे. तो थकला म्हणजे वारंवार जांभया देतो, ओठ चाटतो, तोंड फिरवितो; त्याला आणणाऱ्या माणसास हीं चिन्हें ओळखतां आलीं पाहिजेत. 'पेट पार्टनर्स' या अमेरिकन संस्थेनें तर दिवसांतून दोन तासांहून अधिक काम त्याजकडून घेऊं नये असा दंडकच घातला आहे. लाडूचीही वेळ ठरलेली होती. दोन तास होतांच त्याच्या बाईनें घड्याळ पाहिलें, पट्टा बांधला, त्याला पाणी पाजलें आणि नेलें. माझी मुलगी त्या दिवशीं रात्रीं साडेनऊला घरीं आली. जेवणाचीं पानें आम्हीं तिच्यासाठीं थांबवून ठेविलीं होतीं, म्हणूनच ही सारी हकीकत जेवतांना कळली. दुसऱ्या दिवशीं शनिवार. त्याही दिवशीं तिला दुपारपर्यंत यंत्रासमोर बसावें लागलें.

माझा आक्षेप आहे तो येथें. कुत्र्यास बोलावण्यांत कांहीं वावगें नाहीं. मीं त्यास हंसलों ही माझी चूक. परंतु ज्या कचेरींत कुत्र्याच्या विश्रांतीचा नियम पाळला जातो आणि माणसाच्या विश्रांतीचा पाळला जात नाहीं, तेथें त्या बिचाऱ्या प्राण्याच्या गळ्यांत ओळखपत्राबरोबर आणखी एक जबाबदारी अडकविलेली असते. वरिष्ठांनीं जें करावयाचें तें त्यानें दोन तासांत करून दाखवावें, ही ती जबाबदारी.

मुंबईंत कोटांत 'बाँबे हाउस' ही टाटांच्या उद्योगांची १९२४ सालीं बांधलेली इमारत आहे. तिच्या दाराशीं रस्त्यावरचीं कुत्रीं कित्येक वर्षें आश्रयास येत. २०१८ सालीं इमारतीचें नूतनीकरण झालें तेव्हां तळमजल्यावर या कुत्र्यांसाठीं एक स्वतंत्र खोली राखण्यांत आली. ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं रतन टाटा निवर्तले, तेव्हां त्यांचा गोवा नांवाचा कुत्रा अंत्यदर्शनास आणलेला अनेकांनीं चित्रांत पाहिला असेल. हा कुत्राही मूळचा रस्त्यावरचाच. तीं कुत्रीं कोणाचा शीण घालविण्यासाठीं ठेविलीं नव्हतीं. ऊन-पावसांत त्यांना जागा हवी होती, ती दिली. मला ही रीत अधिक सरळ वाटते. येणाऱ्या-जाणाऱ्यांस त्यांच्याकडे पाहून बरें वाटत असेल तर तो वरचा लाभ.

मुलीच्या कचेरींत लाडू त्यानंतर आणखी दोनदां येऊन गेला. दुसऱ्या खेपेच्या आधीं तिनें वरिष्ठांना सांगून एवढें करून घेतलें कीं, कुत्र्यानें सर्व टेबलांमधून हिंडूं नये. टोकाच्या एका खोलींत बसावें, आणि ज्याला वाटेल त्यानें तेथें जावें. जिन्यांत उभी राहणारी ती मुलगी आतां आपल्या जागेवर बसून काम करते. मागल्या खेपेस तिनें दाराच्या कांचेतून आंत डोकावून पाहिलें म्हणे. त्याहून पुढें गेली नाहीं, आणि कोणीं आग्रहही केला नाहीं.

संध्याकाळीं घरीं जाण्याच्या वेळेविषयीं मात्र बोलणें अजून व्हावयाचें आहे. त्यासाठीं माझी मुलगी आणि तिच्याबरोबरचीं आणखी चार माणसें येत्या सोमवारीं वरिष्ठांस भेटणार आहेत. कोणत्या दिवशीं कोण किती वाजेपर्यंत बसलें, याचा तीन महिन्यांचा तक्ता त्यांनीं तयार केला आहे. तक्ता आंखण्याच्या कामीं माझा थोडा उपयोग झाला.