सैल कापडाचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला, तोच आता आपल्यापैकी पुष्कळांच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. कामगार चळवळीतला माणूस बोनसवर बोलेल, महागाईवर बोलेल, फार तर नव्या कायद्यांवर बोलेल. संगणकातल्या बाहुल्यांच्या ढगळ कपड्यांशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो मजुरीचा आहे. पण मजुरीचा हिशेब करायचा तर आधी माल ओळखता आला पाहिजे, म्हणून पहिला अर्धा वेळ आम्ही मालाविषयीच बोलणार आहोत.

मुळशी तालुक्यातले हिंजवडी आपणा सर्वांना ठाऊक आहे. जुन्या माणसांना ते चैत्री पौर्णिमेच्या म्हातोबाच्या बगाडामुळे ठाऊक, नव्यांना राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे. तिथल्या मुलामुलींविषयी आपण सरसकट म्हणतो, "कॉम्प्युटरवर बसतात." आमच्या लहानपणी लालबाग-परळच्या माणसांविषयी बाहेरचे लोक असेच म्हणत, "गिरणीत जातात." गिरणीत त्रासन खाते होते, साचेखाते होते, सुताला खळ देणारे होते, बदलीवाले होते, बाहेरच्याला सगळे एकच. हिंजवडीच्या भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या ज्या मंडळींशी आमचा गेली काही वर्षे परिचय आहे, त्यांतल्या काहींचे काम असे, की चित्रपटातल्या किंवा खेळातल्या संगणकी माणसाच्या अंगावरचे कापड खऱ्यासारखे पडले, फडफडले, चुरगळले पाहिजे. ही मंडळी आपल्या खात्याला नुसते 'क्लॉथ' म्हणतात. साचेखात्याचा हा दूरचा नातू म्हणा ना!

१९८९ साली अमेरिकेत जॉर्डन मेक्नर या तरुणाने 'प्रिन्स ऑफ पर्शिया' नावाचा संगणकी खेळ काढला. त्यातला राजपुत्र धावतो, उडी मारतो, कठड्याला लोंबकळतो. मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला लावले, त्याचे चित्रण केले आणि एकेक चौकट गिरवून राजपुत्र घडवला. कापड कसे हलेल हे गणिताला विचारावे लागले नाही. अंगावरच्या कपड्यानेच ते सांगून टाकले. त्याच मालिकेतला २००३ चा एक खेळ नव्याने घडवण्याचे काम पुढे युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबई इथल्या शाखांकडे आले. २०२० च्या सप्टेंबरात तो जाहीर झाला, चित्रांवर खेळाडूंनी बरीच टीका केली, आणि २०२२ च्या मे महिन्यात काम माँट्रियलच्या शाखेकडे गेले. त्या वादात आम्हांला पडायचे नाही. असला अवघड माल पुण्याच्या हातांत घडायला येतो, एवढेच दाखवायचे आहे.

आता गिरवणे संपले आणि गणित आले. १९८७ साली डेमेट्री टर्झोपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लवचीक वस्तू संगणकात कशा वागवाव्यात याची रीत मांडली. पुढे कापड म्हणजे बिंदूंचे जाळे आणि बिंदूंना जोडणाऱ्या स्प्रिंगा, अशी कल्पना रूढ झाली. पहिल्या स्प्रिंगा ताणा-बाण्याच्या दिशेने, दुसऱ्या तिरक्या, तिसऱ्या घडी पडताना विरोध करणाऱ्या. हे आम्ही प्रथम वाचले, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले, तेव्हा मनाशी म्हटले की हे तर कोणताही शिंपी सांगेल! कापड उभे-आडवे ताणले तर फारसे वाढत नाही, उरेब ताणले तर वाढते. म्हणूनच गळपट्टी उरेब कापतात. संगणकवाल्यांनी उरेबेला स्प्रिंग लावली, एवढेच.

आणि हे केवळ साम्य नव्हे. कापड किती ताठ हे मोजण्याची रीत १९३० साली पीअर्स या संशोधकाने सुती धंद्यासाठी बसवली: कापडाची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर सरकवायची आणि स्वतःच्या वजनाने ती किती लांबीवर ठरावीक कोनापर्यंत झुकते ते पाहायचे. १९७० नंतर जपानात कावाबाता यांनी ताण, वाक, दाब, पृष्ठभाग या सगळ्यांसाठी यंत्रे बनवली. संगणकातल्या कापडाला 'सुती', 'रेशमी', 'जीन' असे जे तयार गुण देतात, ते ह्याच जातीचे आकडे. ज्ञान मूळचे मागावरचे आणि शिवणयंत्रावरचे. पडद्यावर काम करणाऱ्या मुलाला हे कोणी सांगत नाही, आणि शिंप्यालाही नाही.

आता मुख्य मुद्दा. अंगाला चिकटलेला पोशाख स्वस्त असतो, कारण तो अंगाबरोबर हलतो. हाताच्या हालचालीला कापड बांधून टाकले की काम झाले. ढगळ कापडाला मात्र स्वतःचे मन असते. हात वर गेला की बाही मागून येते, थांबला तरी ती थांबत नाही, आणि मग ती स्वतःवरच येऊन पडते. कापडाने अंगातून आरपार जायचे नाही, तसेच स्वतःतूनही जायचे नाही, ही अट पाळणे सर्वांत खर्चाचे. शंभर बाय शंभर बिंदूंचा लहानसा तुकडा घ्या. बिंदू झाले १०,०००; त्यांतला कोण कोणाला धडकतो हे भोळेपणाने पाहू गेले तर जोड्या होतात जवळजवळ ५ कोटी, आणि त्याही एका क्षणाच्या. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी, आणि दोन चौकटींच्या मध्ये संगणकाला आणखी बारीक पावले टाकावी लागतात. जोड्या कमी करण्याच्या युक्त्या आहेत. मोठी पावले टाकूनही जाळे फुटू न देण्याची रीत बराफ आणि विटकिन यांनी १९९८ साली दिली, तिच्यावर पुष्कळ धंदा चालतो. पण ढगळपणा वाढला की घड्या वाढतात, घड्या वाढल्या की धडका वाढतात. त्यातून सुटका नाही.

पिक्सार कंपनीच्या २००१ च्या 'मॉन्स्टर्स, इन्कॉर्पोरेटेड' चित्रपटात एक लहानशी मुलगी आहे, तिच्या अंगात तिच्या मापाहून मोठा, घोळदार सदरा. कोणी तिला उचलले की सदरा काखेत आणि दोन हातांच्या चिमटीत सापडतो. चित्रातले हात तर एकमेकांत आणि पोटातही घुसतात, कारण ते हाडामांसाचे नाहीत. मग कापडाने राहावे कुठे? अशा चिमटीत गुंतलेले कापड आपोआप कसे सोडवावे, यावर त्याच कंपनीच्या लोकांनी २००३ साली स्वतंत्र निबंध लिहिला. पोरीच्या सदऱ्यासाठी एवढी विद्वत्ता! आम्हांला त्याचे हसू येत नाही. आमच्या आईने पदर पिळून बांधल्याशिवाय कधी चुलीपाशी पाऊल टाकले नाही. सैल कापड सांभाळणे हे काम आहे, हे बायकांना विद्वानांच्या आधीपासून माहीत आहे.

आणि आपले कपडे तर याहून अवघड. संगणकातले कपडे बहुधा शिंप्याच्या रीतीने बनतात: कापलेले तुकडे बाहुलीभोवती उभे करायचे आणि कडा शिवून टाकायच्या. नऊवारीला कापच नाही! आठ मीटरांहून लांब एकसंध कापड. त्याच्या निऱ्या, त्याचा कासोटा, त्याचा पदर. ते शिवून नव्हे, नेसून तयार होते, आणि केवळ घर्षणावर व खोचण्यावर टिकते. धोतराचे आणि फेट्याचेही तेच. ऐतिहासिक चित्रपटांचे काम करणारी एक मुलगी आम्हांला म्हणाली, "काका, मावळ्याच्या तलवारीला अर्धा दिवस लागला, धोतराला दोन आठवडे." ती शेवटी आजीकडे जाऊन नेसणे शिकून आली, आणि ज्या क्रमाने हात फिरतात त्या क्रमाने तिने संगणकातले कापड फिरवले. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ च्या सुमारास 'मंदिरपथगामिनी' घडवली, तेव्हा नऊवारीची एक चुणी त्यांना एकदाच प्लास्टरमध्ये पकडायची होती. ह्या मुलीला ती सेकंदाला चोवीस वेळा पकडायची असते.

आता मजुरीकडे येऊ. या धंद्यात एक वाक्य फार ऐकू येते: "जरा आणखी सैल करा." गिऱ्हाईक परदेशातून दोन ओळी पाठवते, आणि वरच्या माणसाला वाटते की सदरा दोन इंच वाढवायचा आहे. पण या क्षणीची घडी मागच्या क्षणीच्या घडीतून येते. आरंभी दोन इंच ढील वाढली की पुढची प्रत्येक चुणी निराळी पडते. मधूनच सुरुवात करता येत नाही. सगळे पुन्हा चालवावे लागते. रात्री यंत्राला काम लावून मुलगा खोलीवर येतो, दोन वाजता मोबाइलवर पाहतो तो कापड पोटातून आरपार गेलेले. उठून दुरुस्त करतो, पुन्हा लावतो. एका कंपनीत आम्ही विचारले, हे तास कुठे मांडता? उत्तर मिळाले, "तेव्हा तर यंत्र काम करते." १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप झाला, तेव्हा एका विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवादही फार निराळा नव्हता: साचा आपोआप चालतो, माणूस तर नुसता उभा असतो!

नव्या खात्यातला माणूस कामगार आहे की नाही, हा वाद आम्ही लांबवत नाही. २०२५ च्या २१ नोव्हेंबरला अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या व्याख्येत कुशल आणि तांत्रिक काम करणारा येतो. जुन्या १९४७ च्या कायद्यातही येत होता. अमेरिकेत मार्व्हल कंपनीच्या दृश्य-परिणाम कामगारांनी २०२३ साली एकमताने युनियनला कौल दिला. त्याआधी दहा वर्षे, १९१३ च्या आमच्या टिळकपंथी आजोबांच्या नव्हे, २०१३ च्या फेब्रुवारीत, 'लाइफ ऑफ पाय'ची दृश्ये करणारी ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्याच महिन्यात त्या दृश्यांना ऑस्कर मिळाले. अशा धंद्यात नुसत्या सद्भावावर विसंबून चालत नाही.

आमचे म्हणणे इतकेच, की दर ठरवताना मालाची जात पाहा. आमचे वडील साचेखात्यात होते. १९८२ च्या संपात त्यांचे काम सुटले. ते सांगत, विणकराची मजुरी नुसत्या वारावर नसे. सूत किती नंबरचे, इंचात बाण्याचे धागे किती, पन्हा किती, यावर दर फिरत असे. त्यासाठी आपल्या पुढाऱ्यांना कापड शिकावे लागले. आज कापडाच्या कामाचा अंदाज बांधतात तो शॉटच्या लांबीवर, म्हणजे नुसत्या वारावर. त्याऐवजी ढिलाईवर बांधा: अंगाबरोबरचे, घोळदार, एकावर एक दोन थरांचे, आणि न शिवलेले. शिवाय पहिल्या दोन फेऱ्यांनंतर "जरा आणखी सैल"ची प्रत्येक फेरी वेगळी मोजा, रात्रीच्या देखरेखीसकट.

यासाठी हिंजवडीतल्या काही मंडळींनी वह्या घातल्या आहेत. शॉट कोणता, कापड कोणते, किती वेळा चालवले, कशामुळे बिघडले, रात्री किती वेळा उठावे लागले, एवढे पाच रकाने. आपल्यापैकी कोणाचा मुलगा, सून, भाची ह्या कामात असेल तर तिला वही घालायला सांगा. नाव लिहायची गरज नाही. न शिवलेल्या कापडाचा दर मात्र अजून ठरत नाही. मुले म्हणतात, धोतर आणि नऊवारी एकाच वर्गात घाला. मुली म्हणतात, धोतराला पदर नसतो, तेव्हा नऊवारीचा वर्ग वेगळाच पाहिजे. गेल्या दोन बैठका त्यावरच गेल्या, आणि तिसरी पुढच्या रविवारी आहे.