चर खणण्याआधी वाट आखा



जमिनीखालच्या वीजवाहिन्यांवरची ही परिषद गोरेगावात भरवण्याला कारण आहे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. शहरात बाहेरून वीज आणणारे मार्ग किती तोकडे आहेत, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. ती उणीव भरून काढणारी एक वाहिनी आमच्या आरेत येऊन टेकते. वाडा तालुक्यातल्या कुडूसपासून आरेपर्यंत ८० किलोमीटर लांबीची, एक हजार मेगावॉट क्षमतेची ही एचव्हीडीसी, म्हणजे उच्चदाब एकदिश प्रवाहाची, वाहिनी सुमारे ३० किलोमीटर मनोऱ्यांवरून आणि ५० किलोमीटर जमिनीखालून जाते. आपले दिवे ज्या मुलखातून उजळतात, तिथल्या माणसांचं ऐकून घेणं हे गोरेगावकरांचं कर्तव्यच आहे.

जमिनीखालच्या केबलची कामं यापुढे वाढत जाणार आणि ती शेतांतूनही जाणार. नकाशावर आपण केबलची रेघ ओढतो. चर जेमतेम मीटर-दीड मीटर रुंद असतो. शेताचं जास्त नुकसान होतं ते चरापर्यंत जाणाऱ्या वाटेनं. केबलचा ड्रम कित्येक टनांचा. तो जॉइंटच्या खड्ड्यापाशी पोचवायला ट्रेलर हवा, क्रेन हवी, दोन्हींना वळायला जागा हवी. आणि ही वाट बहुतेकदा माल येतो त्याच दिवशी, ड्रायव्हरच्या अंदाजानं ठरते!

भाताचं खाचर घ्या. वरची माती मऊ, पण तिच्याखाली पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिखलणीनं घट्ट झालेला थर असतो. पाणी थांबतं ते त्या थरावर. चर खणताना तो फुटतो, आणि वरची-खालची माती एकत्र करून परत लोटली की पुढच्या पावसात खाचर पाणी धरत नाही. ट्रेलरसाठी बांध फोडला तर वरच्या शेतकऱ्याचं पाणी निघून जातं आणि खालच्याची लावणी वाहून जाते. ज्याच्या शेतातून केबल गेली त्याला भरपाई मिळते. वरच्या-खालच्या या दोघांची नावं भरपाईच्या यादीतच नसतात.

विद्युत कायदा २००३ च्या कलम १६४ मुळे जमीन संपादित न करताही वाहिनी टाकण्याचे अधिकार मिळतात. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनोऱ्याच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला सांगितला, हे चांगलंच झालं. पण हे आकडे मनोरा आणि तार धरून बसवलेले आहेत. चार महिने ट्रेलरखाली दबलेल्या रानाचा हिशेब त्यात बसत नाही. तो करारात आधी लिहावा लागेल.

माझा आग्रह असा, की वाटेची पाहणी ऑगस्टमध्ये व्हावी. उन्हाळ्यात सगळी खाचरं सारखीच दिसतात. भर पावसात बांधावर उभं राहिलं की कुठलं पाणी कुठून उतरतं ते दिसतं. शेतकरी, तलाठी आणि अभियंता यांनी ती वाट एकत्र चालावी. कामाची वेळही पिकं पाहून ठरवावी. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला वाडा कोलम भात याच मातीतला. तो कापून झाला म्हणजे शेत मोकळं झालं असं नाही, पाठोपाठ ओलीवर वाल पेरला जातो. वाल निघाल्यानंतर काम घ्यावं, राबाची जागा सोडावी. वरची माती वेगळी रचावी, घट्ट थर आधी चोपून बसवावा, आणि मिरगाच्या आत बांध बांधून द्यावेत. आरेतल्या पाड्यांवरच्या शेतांनाही हेच लागू आहे.

म्हणून पहिलं सत्र शेतकऱ्यांचं ठेवलं आहे. मागच्या टेबलांवर प्रकल्पांचे मोठे नकाशे आणि पेन्सिली आहेत. पाण्याच्या वाटा ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी त्या काढाव्यात, अभियंत्यांनी शेजारी बसून विचारावं. दुपारच्या सत्रात त्याच नकाशांवर चर्चा होईल. आता अध्यक्ष महोदयांना विनंती करतो की त्यांनी परिषदेचं कामकाज सुरू करावं.